हांगझोऊत दोन रात्री: यादीतली निम्मी ठिकाणं आधी खोडा

पत्र: मुलगा नोकरीनिमित्त शांघायला असतो. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून हांगझोऊ जवळ आहे, तळं फार सुंदर आहे, असं तो म्हणतो. त्याला रजा नाही, त्यामुळे आम्ही दोघंच जाऊ. सकाळी जाऊन रात्री परत येण्यासाठी त्याने आठ ठिकाणांची यादी पाठवली आहे: पश्चिम सरोवर, लेइफंग पॅगोडा, लिंगयिन मंदिर, चहाचं गाव, शीशीची पाणथळ, मोठा कालवा, सोंगचंगचा कार्यक्रम आणि वेळ उरला तर वूझन. माझं वय 63, ह्यांचं 67. माझे गुडघे दुखतात. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. चिनी भाषेचा गंध नाही. तिथे आपलं व्हॉट्सअॅप नि गूगल चालत नाही म्हणतात. जमेल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर:

जमेल. मात्र एका दिवसात नाही, आणि आठ ठिकाणं तर मुळीच नाहीत. मंगळवारी जा, दोन रात्री राहा, गुरुवारी परत या.

चिरंजीवांच्या यादीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा वेळ धरलेलाच नाही. वूझन हांगझोऊत नाहीच. ते वेगळं गाव आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस लागतो. शीशीची पाणथळ छान आहे, पण तळ्याकाठी दोन दिवस काढल्यावर पुन्हा बोटीत बसून पाणीच बघायला कशाला जायचं? सोंगचंगचा कार्यक्रम भपकेबाज असतो, संध्याकाळ खातो. ही तिन्ही खोडून टाका. मोठा कालवा पावसासाठी राखून ठेवा. मग उरतं तळं, लिंगयिन, चहाचं गाव आणि जमलं तर लेइफंग. दोन रात्रींना एवढं भरपूर झालं.

एका दिवसाची सहल फसते ती आगगाडीच्या वेळेवर भुलल्यामुळे. शांघाय ते हांगझोऊ वेगवान गाडी पाऊण ते एक तासात जाते. पण घरातून होंगच्याओ स्टेशनला पोचायला तास, तिथे पाऊण तास आधी हजर राहायचं, मग प्रवास, मग मेट्रो. तळ्याकाठी पाय लागेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात, आणि नेमके तेव्हाच सहलींचे जथे उतरलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तुमच्या वाट्याला दिवसातले सर्वांत गर्दीचे पाच तास येतात. तळ्याची खरी वेळ आहे सकाळी साडेसहा ते साडेआठ, आणि दुसरी अंधार पडल्यावरची. दोन्ही मुक्काम केल्याशिवाय मिळत नाहीत.

दिवस मात्र तुम्ही चांगले निवडलेत. पारा साधारण 9 ते 18 अंशांत राहतो, पाऊस बेताचा, आणि महिना सरता सरता मेपल नि गिंकोची पानं रंगतात. 1 ते 7 ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी असते. त्या आठवड्यात काठावरच्या लुंगश्यांगच्याओ मेट्रो स्टेशनात कधी कधी गर्दीमुळे गाडी थांबवतही नाहीत. शनिवार-रविवार एवढ्यासाठीच टाळायचे. शिवाय सुट्टीच्या दिवशी तळ्याच्या परिसरात खासगी गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम असतो आणि मोबाइलवरून बोलावलेली गाडी आत येईनाशी होते. सोमवारी संग्रहालयं बंद. म्हणून मंगळवार ते गुरुवार.

आता निघण्यापूर्वीची कामं. सहली बिघडतात त्या इथेच.

भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये पर्यटनासाठी व्हिसाविना प्रवेश नाही. दहा दिवसांच्या 'ट्रान्झिट' सवलतीचं बरंच ऐकायला मिळतं, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. एक, पर्यटनाचा 'एल' व्हिसा. त्याला जाण्यायेण्याची तिकिटं आणि हॉटेलची आरक्षणं दाखवावी लागतात. दुसरा 'एस 2', चीनमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाच्या जवळच्या नातेवाइकांसाठी. मुलाकडेच उतरणार असाल तर दुसरा सरळ. त्याला मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या निवास परवान्याची प्रत, आणि नातं सिद्ध करणारा कागद म्हणजे त्याचा जन्मदाखला लागतो. 'क्यू 2' नावाचाही एक प्रकार आहे, तो चिनी नागरिकांच्या नातेवाइकांचा. एजंट घाईत तो सुचवतात, तुम्हाला लागू नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि पासपोर्ट मुंबईच्या अर्ज केंद्रात द्यायचा. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतं का, हे आजच काढून बघा. माहेरचं-सासरचं नाव, स्पेलिंगमधला एखादा 'ए', यांवरच अर्ज अडकतात.

विमानाचं थोडक्यात: दिल्ली-शांघाय थेट सेवा नोव्हेंबर 2025 पासून पुन्हा सुरू झाली आहे. हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर हे जुने मार्ग आहेतच. चीनमध्ये उतरून तिथलं देशांतर्गत विमान बदलणार असाल, तर पॉवर बँकेवर '3सी' हा चीनचा सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का लागतो. भारतात घेतलेल्या पॉवर बँकेवर तो बहुधा नसतो आणि सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवावी लागते. थेट शांघायला उतरलात तर हा प्रश्न नाही.

पैशांचं नीट समजून घ्या. तिथे भाजीवालीपासून मंदिरापर्यंत सगळे मोबाइलवर पैसे घेतात, पण आपलं यूपीआय चालत नाही आणि रुपे कार्डही नाही. अलीपे हे अॅप भारतातच उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. हे काम घरीच करायचं कारण म्हणजे ओटीपी. तो भारतीय नंबरवर येतो आणि विमानतळावर रोमिंग सुरू झालं नसेल तर सगळंच ठप्प. त्याआधी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशातले व्यवहार चालू करा. ते मुळात बंद असतात आणि 'कार्ड चालत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर अलीपे जादा आकार घेत नाही, त्यापुढे रकमेवर 3 टक्के घेते. एक युआन म्हणजे सध्या बारा-तेरा रुपये. आणखी एक गोम: परदेशी कार्ड जोडलेल्या अलीपेतून दुकानदाराला पैसे जातात, पण व्यक्तीच्या खासगी खात्यावर जात नाहीत. रस्त्यावरच्या फेरीवाल्याने त्याचा स्वतःचा कोड पुढे केला तर व्यवहार नापास होईल. त्यासाठी मुलाकडून पाचशे युआन सुट्ट्या नोटांत घेऊन ठेवा. त्यातली एक युआनची नोट उलटून बघा, तीवर तुम्ही बघायला निघालेल्या तळ्यातले दगडी मनोरे आहेत.

फोन दोन आहेत, त्यांना दोन कामं वाटून द्या. एकात भारतीय सिम रोमिंगवर ठेवा: त्यावर ओटीपी येतील आणि व्हॉट्सअॅप, गूगलही चालेल, कारण रोमिंगचा डेटा आपल्याच कंपनीकडून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायला जोडलात की मात्र हे सगळं बंद. मग फोन बिघडला म्हणून घाबरू नका, वायफाय काढा. दुसऱ्या फोनात मुलाने दिलेलं तिथलं सिम, त्यावर अलीपे आणि नकाशा. गूगलचा नकाशा चीनमध्ये उघडला तरी जागा सरकलेल्या दिसतात, त्याच्यावर विसंबू नका. तिथला अॅमॅप इंग्रजीतही आहे, पण आपल्या स्पेलिंगने शोधलं की भलतंच गाव काढून देतो. मुलाला सांगा की हॉटेल, लिंगयिन, मेइज्यावू (चहाचं गाव), तळ्यावरचा 'तुटका पूल', दोन्ही स्टेशनं अशी सहा-सात ठिकाणं चिनी लिपीत शोधून आधीच जतन करून दे. तुम्ही फक्त बोट ठेवायचं. टॅक्सी अलीपेतल्याच 'दीदी' या टॅक्सी-सेवेतून बोलावता येते, तिथेही हीच युक्ती.

रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात. तुमची मुलालाच काढू द्या. दुसऱ्या वर्गाचं भाडं साधारण 70 ते 90 युआन. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच बऱ्याचदा नवऱ्याचंही नाव असतं, ते गाळून चालणार नाही. स्टेशनचं नाव तपासा: शांघायमध्ये 'शांघाय', 'शांघाय दक्षिण' आणि 'शांघाय होंगच्याओ' ही तीन वेगळी, दूरदूरची स्टेशनं आहेत. हांगझोऊतही 'पूर्व', 'पश्चिम', 'दक्षिण' आणि नुसतं 'हांगझोऊ'. बहुतेक गाड्या 'पूर्व'ला जातात, ते अवाढव्य आहे. नुसत्या 'हांगझोऊ'ला जाणारी गाडी सोयीच्या वेळी मिळाली तर तीच घ्या. ते जुन्या शहरातलं स्टेशन तळ्यापासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि आत चालणं कमी पडतं. गुडघ्यांसाठी हा फरक मोठा. 'पूर्व'ला उतरलात तर मेट्रोची 1 नंबरची लाइन सरळ लुंगश्यांगच्याओला, तळ्याच्या काठाशी सोडते.

होंगच्याओला सामान मशिनीतून जातं. सुरी, मोठा स्प्रे ठेवू नका. फाटकावर चिनी लोक ओळखपत्र टेकवून आपोआप आत जातात, त्या रांगेत तुमचं काम नाही. कडेच्या, कर्मचारी असलेल्या फाटकातून पासपोर्ट दाखवून जायचं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. मुलाने मोबाइलवर पाठवलेल्या तिकिटाच्या तपशिलात फाटकाच्या आकड्यापुढे ए किंवा बी असतं. ते बघूनच बसा, कारण एकाच फलाटाची ही दोन फाटकं स्टेशनच्या दोन टोकांना असतात आणि ऐनवेळी धावणं तुम्हाला परवडणारं नाही.

हॉटेल कुठे घ्यायचं? तळ्याच्या तीन बाजूंना टेकड्या आणि पूर्वेला शहर आहे. टेकड्यांतली चहाच्या मळ्यांतली घरगुती निवासं फोटोत मोहक दिसतात, पण त्यांना जिने असतात, लिफ्ट नसते, आणि रात्री टॅक्सी यायला तयार नसते. तुम्ही पूर्वेला हूबिन भागात, लुंगश्यांगच्याओ किंवा दिंगआन रोड स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या आत राहा. मधल्या दर्जाची खोली साधारण 350 ते 600 युआनला मिळावी. आरक्षण करताना मुलाला फोन करून दोन गोष्टी विचारू द्या: लिफ्ट आहे ना, आणि परदेशी पासपोर्टची नोंद करायला जमतं ना. परदेशी पाहुण्यांना नाकारू नये असा नियम आहे, तरी छोट्या हॉटेलातल्या पोरीला ती नोंद करता येत नाही आणि तुम्ही सामानासह तासभर ताटकळता.

पूर्वेला राहण्याचा आणखी एक फायदा. सूर्य तळ्यापलीकडच्या टेकड्यांमागे मावळतो, म्हणजे हूबिनच्या बाकावर बसल्या बसल्या समोर सूर्यास्त. त्यासाठी कुठेही चढायला नको.

मंगळवारी दहा-साडेदहाची गाडी धरा. सामान हॉटेलात टाका, जेवा, तासभर पडा. तीनच्या सुमारास हवं तर टॅक्सीने दक्षिणेच्या लेइफंग पॅगोड्याला जा. तिकीट 40 युआन. याची शिफारस तुमच्यासाठी अशासाठी की वर जायला सरकते जिने आणि आत लिफ्ट आहे; इतका गुडघ्यांची काळजी घेणारा पॅगोडा दुसरा सापडणार नाही. मूळ मनोरा 1924 मध्ये कोसळला. त्याच्या विटांत औषधी गुण आहे म्हणून लोक वर्षानुवर्षं पायातल्या विटा काढून नेत होते. आताचा 2002 चा, पोटात जुन्याचे अवशेष काचेमागे राखलेले. श्वेतनागीण माणसाच्या प्रेमात पडली आणि भिक्षूने तिला याच मनोऱ्याखाली कोंडलं, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. वर सूर्यास्ताची वाट बघत थांबायचा हट्ट नको, हिवाळ्यात लवकर बंद होतं. साडेचारला उतरा आणि हूबिनला या. काठाने विजेवर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या फिरतात, हात केला की थांबतात, टप्प्याटप्प्याचे पैसे घेतात.

बुधवारी लिंगयिन, आणि तिथे लवकर पोचणं महत्त्वाचं. हूबिनहून टॅक्सी तीसेक युआन, किंवा 7 नंबरची बस. साडेसातला तिथे असा. नऊनंतर धूप घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. प्रवेशाची आगाऊ नोंदणी लागते का, हे आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर विचारून तिथूनच करून घ्या.

आपल्यासाठी हे ठिकाण वेगळं आहे. इ.स. 328 च्या सुमारास भारतातून आलेल्या एका भिक्षूने हे मंदिर स्थापन केलं. चिनी लोक त्याला हुईली म्हणतात. समोरची टेकडी बघून तो म्हणाला म्हणे, ही तर आमच्या राजगृहाजवळच्या गृध्रकूटाची टेकडी, इथे उडून कशी आली? तेव्हापासून तिचं नाव 'उडून आलेलं शिखर', फेइलाय फंग. तिच्या पायथ्याशी त्याच्या स्मरणार्थ छोटा दगडी मनोरा आहे. तो लगेच दिसत नाही आणि लोक तसेच पुढे निघून जातात, तुम्ही थांबा. टेकडीच्या कातळात दहाव्या ते चौदाव्या शतकातल्या शेकडो मूर्ती आहेत. त्यातला पोट सुटलेला, खो खो हसणारा मैत्रेय सगळ्यांचा लाडका. बहुतेक मूर्ती ओढ्याकाठच्या सपाट वाटेवरूनच दिसतात. गुहांत शिरू नका, दगड ओले असतात.

मंदिराची दालनं मात्र टेकडीवर एकामागे एक चढत जातात. पहिली दोन बघा. दुसऱ्यात कापराच्या लाकडाची, 1956 मध्ये घडवलेली शाक्यमुनींची प्रचंड मूर्ती आहे. पुढची पायऱ्यांवरची दालनं यजमानांना एकट्याला बघून येऊ द्या. त्यापेक्षा बाजूच्या 500 अर्हतांच्या दालनात जा. त्या इमारतीची आखणीच स्वस्तिकाच्या आकाराची आहे आणि आत जमीन सपाट. धूप बाहेरून विकत घेऊ नका, मंदिरात तीन काड्या फुकट देतात, तेवढ्याच लावायच्या.

दुपारचं जेवण आवारातच करा. मंदिराच्या शाकाहारी नूडल्समध्ये मशरूम, बांबूचे कोंब, टोफू असतं, आणि रस्साही खरोखर शाकाहारी असतो. या सहलीत निर्धास्तपणे जेवायची जागा हीच, म्हणून वेळापत्रक तिच्याभोवती बांधलंय असं समजा.

तिथून टॅक्सीने मेइज्यावू. लुंगजिंग चहाचं नाव ज्या गावावरून पडलं ते लुंगजिंग गाव उतारावर आहे. मेइज्यावू खोऱ्यात, रस्त्याच्या कडेने पसरलेलं आणि चालायला सोपं. नोव्हेंबरमध्ये पानं खुडत नाहीत. झुडपांना तेव्हा पांढरी, पिवळ्या परागांची फुलं असतात. म्हणजे कोणी 'ताजा' चहा म्हणून पुढे केला तर तो वसंतातलाच साठवलेला आहे. सर्वांत महाग प्रत 4-5 एप्रिलच्या छिंगमिंग सणाआधी खुडलेली, त्यानंतरची 20 एप्रिलच्या सुमारापर्यंतची, ती बरीच स्वस्त आणि घरी प्यायला उत्तम. भाव सांगतात तो 'जिन'चा, म्हणजे 500 ग्रॅमचा. 'ल्यांग' म्हणजे 50 ग्रॅम. '800' ऐकून किलोचा भाव समजू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजन आणि रक्कम दोन्ही लिहून घ्या आणि एक-दोन ल्यांगच्या वर घेऊ नका. चांगली पानं चपटी, गुळगुळीत, पिवळट झाक असलेली हिरवी. भडक हिरवी असतील तर सोडा. वास भाजलेल्या चेस्टनटसारखा हवा, अत्तरासारखा नको. बसून प्यायचे माणशी किती घेणार, हे पेला पुढे येण्यापूर्वी विचारा. आणि तळ्याकाठी कोणी गोड बोलून 'फुकट चहा चाखायला चला' म्हटलं तर हसून पुढे व्हा.

घरी करताना काचेच्या पेल्यात 3 ग्रॅम पानं, 150 मिली पाणी, साधारण 80 अंशांचं. उकळतं पाणी ओतलं की पानं शिजतात आणि चहा कडवट होतो, म्हणून उकळल्यावर चार-पाच मिनिटं निवू द्या. दूध-साखरेचा विचारही नको.

गुरुवारी सकाळी साडेसहाला टॅक्सीने तुटक्या पुलाशी, चिनीत दुआनच्याओ. पूल अजिबात तुटलेला नाही, चढही हलका. तिथून बाय बांध सुरू होतो, सुमारे एक किलोमीटर, पूर्ण सपाट, दोन्हीकडे पाणी. कवी बाय जुयी 822 मध्ये इथला प्रशासक होता, त्याच्या नावाचा हा बांध. त्याने स्वतः बांधलेला मात्र वेगळा होता आणि तो केव्हाच नाहीसा झाला. सकाळी इथे म्हातारी मंडळी ताय ची करतात. कुणी हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर कविता लिहीत जातं. शेवटची ओळ होईतो पहिली वाळलेली असते. बांध संपतो त्या गुशान बेटावर भरपूर बाकं आहेत.

यापेक्षा लांबचा, 2.8 किलोमीटरचा सू बांध तुम्ही चालू नका, बोटीतून बघा. सू दोंगपो हा दुसरा कवी-प्रशासक 1089 मध्ये इथे आला तेव्हा तळं शेवाळाने नि गाळाने भरत चाललं होतं. त्याने ते उपसलं आणि त्याच गाळाचा बांध घातला. गाळ पुन्हा साचू नये म्हणून तळ्यात तीन मनोरे उभे करून त्यांच्या आत शिंगाड्याची लागवड करायला बंदी केली. आपल्या उपासाच्या शिंगाड्याचंच हे पीक. आता दिसतात ते मनोरे नंतरचे, 1621 चे. नोटेवर आहेत ते हेच.

त्यांच्याजवळच्या बेटावर जाणारी मोठी बोट, तिकीट माणशी 55 युआनच्या आसपास. गुशानच्या धक्क्यावरून बसा, बेटावर अर्धा-पाऊण तास घाला, येताना हूबिनच्या धक्क्याची बोट धरा, म्हणजे हॉटेलपाशीच उतराल. हाताने वल्हवायच्या छोट्या बोटीला तासाला दीडशेच्या पुढे पडतात. हा दर पूर्ण बोटीचा असतो, माणशी नव्हे, हे आधी बोलून घ्या. तळ्याच्या परिसराला 2002 पासून प्रवेशशुल्क नाही, तेव्हा काठावर कोणी 'तिकीट' विकायला आला तर घ्यायचं नाही.

पाऊस लागलाच तर बोट सोडा आणि कालव्याकडे गोंगचन पुलाजवळ जा. बीजिंगपासून येणारा मोठा कालवा इथे शहरात शिरतो. पुलाच्या पश्चिमेला छत्र्या, पंखे, सुऱ्या-कात्र्या यांची संग्रहालयं आहेत, फुकट आणि छपराखाली.

खाण्याची खरी अडचण 'शाकाहारी' दिसणाऱ्या पदार्थांत आहे. भाजी डुकराच्या चरबीत परततात, टोफूवर खिमा भुरभुरवतात, मशरूम नूडल्सचा रस्सा हाडांचा असतो. हांगझोऊचा टोफूच्या पापुद्र्याचा तळलेला कुरकुरीत रोल पाहून कोणालाही वाटेल की हा आपला, पण आत बहुधा डुकराचा खिमा असतो. 'वो छी सू' (मी शाकाहारी आहे) एवढं म्हणून भागत नाही. मुलाकडून चिनीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, कोळंबी, अंडं, प्राण्यांची चरबी, हाडांचा रस्सा, ऑयस्टर सॉस यांतलं काही नको, तेलात केलेलं चालेल. ती लॅमिनेट करा, ऑर्डर देण्यापूर्वी दाखवा. मागायचं काय? हिरव्या मिरचीबरोबर परतलेला बटाट्याचा कीस, लसूण घातलेली पालेभाजी, वांगी-बटाटा-ढोबळी मिरची, पांढरा भात. चिकट तांदूळ भरलेली गोड कमळकाकडी इथली खास, जरूर खा. रस्त्यावरचा त्सोंग बाओ हुई म्हणजे पातळ पोळीत तळलेली कणीक आणि कांद्याची पात दाबून भाजलेला रोल, तोही चालतो. न्याहारीला सोयाचं दूध, उकडलेला मका, रताळं आणि मांतोऊ, म्हणजे सारणाविना वाफवलेला पाव. सारणाच्या बाओझ्झला हात लावू नका.

हॉटेलच्या खोलीत किटली असते, स्टेशनवर आणि गाडीतही उकळतं पाणी फुकट मिळतं, तेव्हा गरम पाण्यात होणाऱ्या उपमा-पोह्यांची आठ-दहा पाकिटं पुण्याहूनच न्या. चिवडा, भाकरवडी बिनधास्त. ताजी फळं, भाज्या, बिया, दही, लोणी-तूप नेऊ नका, जकातीत काढून घेतात.

गुडघ्यांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बागांतली आणि स्टेशनांतली शौचालयं बहुतेक उकिडवं बसायच्या पद्धतीची असतात. व्हीलचेअरचं चित्र असलेली वेगळी खोली शोधा, तिथे कमोड मिळतो. कागद आणि साबणपट्ट्या जवळ ठेवा. तिकिटांच्या खिडकीवर दोघांचे पासपोर्ट पुढे करून ज्येष्ठांची सवलत आहे का ते खुणेने विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळते.

परतीची गाडी गुरुवारी तीन-चारची ठेवा आणि स्टेशनवर तासभर आधी पोचा. शांघायला मुलाच्या घरी उतरल्यावर 24 तासांच्या आत पोलिसांकडे राहण्याची नोंद करावी लागते, ती तिथे ऑनलाइनही होते. हॉटेलात राहता तेव्हा ते काम हॉटेल करतं. पण हांगझोऊहून पुन्हा मुलाच्या घरी आलात की ही नोंद नव्याने करायची असते. पहिली केली आहे म्हणून ती राहून जाते. गुरुवारी रात्री जेवणाआधीच मुलाला करायला सांगा.